थंड पाण्याने गेलेली शाई

४ फेब्रुवारी

आज ह्यांचा फोटो दुकानाच्या भिंतीवरून उतरवला आणि बटणांच्या कपाटात ठेवला. वरच्या खणात मोत्यांची बटणं असतात, तिथे नाही. सगळ्यात खालच्या खणात, तुटक्या चेनींच्या शेजारी, तोंड आतल्या बाजूला करून.

झालं ते असं. शिंक आली की थोडी लघवी होते, ही तक्रार घेऊन मागच्या महिन्यात मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. दिसायला ती आठवीतली वाटते, फक्त दोन वेण्या आणि पिनाफोर तेवढा नाही. तिने विचारलं, "काकू, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी शेवटची कधी केली होती?"

मी म्हटलं, "हे जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून दुकान बंद आहे. बंद दुकानाची कसली तपासणी?"

"दुकान बंद असलं तरी जुना माल आत पडून असतो," ती म्हणाली, आणि मला टेबलावर चढवलं. आठवीतली असली तरी चुणचुणीत आहे.

आज निकाल सांगितला. आत एक विषाणू आहे, एचपीव्ही नावाचा. पाहुणा म्हणून आलेला नाही, मुक्काम ठोकून बसलाय. तिथल्या पेशी बिघडायला लागल्यात. कॅन्सर म्हणता येणार नाही, पण त्या रस्त्याला लागल्यात. किती पुढे गेल्यात ते दुर्बिणीतून बघून, तुकडा काढून ठरवायचं.

"आला कुठून हा?"

"शरीरसंबंधातून येतो, काकू."

माझ्या बाबतीत संशयितांची यादी एका माणसाची आहे. त्या माणसाची नोकरी फिरतीची होती. गावोगाव जाऊन शिवणयंत्रं दुरुस्त करायची. आणि शिवणयंत्रं कोण चालवतं? बायका.

म्हणून तुटक्या चेनी.

७ फेब्रुवारी

गुरुवार. दुपारी मैत्रिणी आल्या. शाळा सुटून एक जन्म झाला, पण गुरुवार सुटलेला नाही. माझं रफूचं आणि कपडे लहान-मोठे करून देण्याचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच आहे, त्यामुळे गिऱ्हाईक आलं तरी गप्पा थांबत नाहीत.

भोंगा नेहमीसारखी आधी ऐकू आली, मग दिसली. दोन लग्नं झाली, आता एक 'मित्र' आहे, आणि तिघांबद्दलही ती भर रस्त्यात बोलते. मॉनिटर तिच्या मागून आली. पाचवीत आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी तिला वर्गाची मॉनिटर केलं, ते पद तिने अजून सोडलेलं नाही. त्याच शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं, आता घरी शिकवण्या घेते. लग्न केलं नाही. नवऱ्यांची उत्तरं तपासत बसण्यापेक्षा मुलांची तपासलेली बरी, असं ती म्हणते.

मी निकाल सांगितला. भोंग्याने कप खाली ठेवला.

"अगं, मग सापडली का ती?"

"कोण?"

"ज्या बाईचं यंत्र तुझ्या नवऱ्याने नीट केलं ती."

मला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही एकदम आलं तर शिंकेचं जे होतं तेच होतं. मॉनिटर हसली नाही. म्हणाली, "डॉक्टर काय म्हणाली ते सगळं सांग. गाळू नकोस."

मी सांगत असताना मला शाळेची आठवण झाली. जीवशास्त्रात सिस्टरनी फुलांचं परागीभवन शिकवलं आणि तिथेच थांबल्या. माणसांचं प्रकरण पुढे होतं, पण ती पानं त्यांनी पिनांनी टाचून ठेवली होती. मधल्या सुट्टीत आम्ही पिना काढून वाचलं. नंतर मॉनिटरने एकेक पीन आधीच्याच भोकातून परत लावली. सिस्टरना शेवटपर्यंत कळलं नाही. असा हात असलेली मुलगी माझ्या धंद्यात यायला हवी होती.

जाताना तिने पिशवीतून फिका पिवळा स्कर्ट काढून दिला. मागच्या बाजूला डाग होता. "लाल शाई सांडली खुर्चीवर, आणि मी बसले," म्हणाली. आणखी दोन गडद रंगाचे स्कर्ट शिवून हवेत म्हणून माप द्यायला उभी राहिली. कंबर चांगलीच उतरली आहे. मी म्हटलं, "या वयात कुणासाठी बारीक होतेस गं?" ती म्हणाली, "तुझ्या टेपसाठी."

९ फेब्रुवारी

शाईच्या डागाला स्पिरिट लागतं. बाटली संपली होती, म्हणून मॉनिटरचा स्कर्ट तात्पुरता थंड पाण्यात मीठ घालून भिजत टाकला. सकाळी बघते तर डाग गेलेला. आजकाल शाईसुद्धा पूर्वीसारखी राहिली नाही. आमच्या वेळची शाई बोटांवरून आठवडाभर निघायची नाही. सिस्टर म्हणायच्या, पापसुद्धा इतकं टिकत नाही.

१६ फेब्रुवारी

दुर्बीण झाली. बाईमाणसाला किती वेगवेगळ्या तऱ्हांनी झोपवता येतं, याचा शोध लावणाऱ्याला एकदा त्या टेबलावर चढवायला हवं.

डॉक्टरीणबाईंनी आत व्हिनेगर लावलं. तेच, सॅलडवर घालतात ते, फक्त पातळ केलेलं. म्हणे बिघडलेल्या पेशी त्याने पांढऱ्या पडतात. पडद्यावर मला दाखवलं. गुलाबी कापडावर खडूची खूण केल्यासारखा पांढरा पट्टा. माझं स्वतःचं आतलं मी पहिल्यांदा बघितलं. इतकी वर्षं सोबत होतं, साधी ओळखही नव्हती.

तिने तुकडा घेतला आणि मग शांतपणे समजावलं. हा विषाणू कधी ना कधी बहुतेक सगळ्यांना होतो, बायकांना आणि पुरुषांनाही. बहुतेकांचं शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला हुसकावून लावतं. थोड्या जणींच्यात तो राहतो. ताप नाही, दुखणं नाही. पेशीत राखणदार असतात. चूक दिसली की ते पेशीला थांबवतात. हा त्या राखणदारांना निकामी करतो. मग पेशी चुकीसकट वाढत राहते, एकीच्या दोन, दोनाच्या चार, आणि प्रत्येक वेळी नवी चूक पदरात पडू शकते. त्याला वर्षं लागतात, कधी वीस, कधी तीस.

मी म्हटलं, "लोकरीला कसर लागते तसं. लोक उडणाऱ्या पतंगाच्या मागे चपला घेऊन धावतात. खाते ती घडीत बसलेली अळी. भोक दिसतं ते थंडीत कोट बाहेर काढल्यावर."

"अगदी तसंच. म्हणून मधूनमधून घड्या उघडून बघायच्या."

"मग आमचे हे? त्यांनी कुठून आणली ही कसर?"

ती हातमोजे काढत म्हणाली, "लग्नाआधी की नंतर, कुणाकडून, हे आता जगातला कुणीही डॉक्टर सांगू शकत नाही. खटला चालवू नका, काकू. साक्षीदार नाहीत."

"आरोपीही नाही," मी म्हटलं.

घरी येऊन ह्यांना वरच्या खणात हलवलं. सुटका नाही, जामीन.

२१ फेब्रुवारी

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी दोन किट दिली. तपासणीला यायला लाजणाऱ्या बायकांसाठी आहेत. एक लांब काडी, टोकाला मऊ ब्रश, एक नळी. आपण आपलाच नमुना घ्यायचा आणि नळी दवाखान्यात द्यायची. "मैत्रिणींना द्या," म्हणाल्या.

गुरुवारच होता. भोंग्याला दिलं तर ती म्हणाली, "आत्ताच घेते, घरी गेले की विसरेन." आणि दुकानातल्या ट्रायल रूमचा पडदा ओढून आत गेली.

त्याच वेळी बँकेतले साहेब पँट घ्यायला आले.

"अगं, किती आत घालायचं?" पडद्याआडून भोंगा.

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "सुईत दोरा घालतायत."

"खुणेपर्यंत म्हणतायत. खूण कुठाय? हां, सापडली. आता गोल फिरवायचंय. किती वेळा गं?"

साहेबांनी पँट न बघताच घेतली. सुटे पैसेही राहिले.

मॉनिटर सगळा वेळ तिच्या लाकडी स्टुलावर बसून होती. हल्ली ती गादीच्या खुर्चीवर बसत नाही, पाठीला बरं वाटतं म्हणते. स्वतःची काळी उशीही आणते. म्हातारपणाचे चोचले. किटबरोबरचं माहितीपत्रक तिने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली, परत उघडलं.

"दुसरं किट कुणाला देणार?"

"बघू. नाहीतर परत करीन."

"हे लग्न झालेल्यांनाच लागतं का?"

"तुला कशाला त्याची चिंता? आम्ही दोघी भोगतोय ते पुरे. तू सुटलीस बाई."

"हो," ती म्हणाली. "सुटले."

तिने चहात बिस्कीट बुडवलं आणि ते मऊ होऊन कपात पडलं. मॉनिटरचं बिस्कीट कधी पडत नाही. किती वेळ बुडवायचं याचं तिचं गणित आहे. भोंग्याने तिला यावरून तासभर पिडलं.

उरलेलं किट मी बटणांच्या कपाटात ठेवलं, ह्यांच्या शेजारी. ते मॉनिटरपुढे करायचं माझ्या मनातही आलं नाही. येऊन उपयोगही नव्हता. ज्या मुलीने शाळेत नाटकात पुरुषाचं काम करायलासुद्धा नकार दिला होता, तिच्या हातात ते ठेवायचं म्हणजे तिचा अपमान.

२ मार्च

तुकड्याचा निकाल आला. बिघाड वरच्या दर्जाचा आहे. अख्ख्या शाळेत मला वरचा दर्जा मिळाला नाही, तो इथे मिळाला. कॅन्सरच्या अलीकडची पायरी. तेवढा भाग काढून टाकायचा. तेवढ्याच जागेला भूल देऊन, तारेच्या गरम फासाने, अर्ध्या तासाचं काम.

मुलीला फोनवर सांगितलं. आधी रडली, मग रागावली, मग म्हणाली की नातीला ह्याच विषाणूवरची लस द्यायला शाळेने विचारलंय, आणि तिने 'लहान आहे अजून' म्हणून टाळलं होतं.

"आता देणार," म्हणाली.

"लगेच दे. घडी घालण्याआधीच डांबरगोळी ठेवतात, भोक पडल्यावर नाही."

भीती वाटते का? हो. दिवसभर दुकानात बरी असते. कात्री खाली ठेवली की वाटते.

९ मार्च

झालं. जळल्याचा थोडा वास आला, म्हणून मी विचारलं, "मीच का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हीच."

मॉनिटर घ्यायला आली होती. बाहेर बाकावर अगदी ताठ बसलेली, पर्स मांडीवर. नर्सबाईंनी विचारलं, "आजी, तुमचीही तपासणी करून घ्यायची का? आलाच आहात तर." मॉनिटरने तोंड उघडलं, आणि तिच्या आधी मीच म्हणाले, "नाही हो, त्यांचं लग्न झालेलं नाही."

टॅक्सीत ती डोळे मिटून बसली. दमली असेल. फार वाळली आहे. मला घरी सोडून जाताना तिने माझ्या न्हाणीघरात बराच वेळ लावला, आणि मला दवाखान्यातून मिळालेल्या पॅडच्या पाकिटातून दोन कमी झालेली दिसली. भाचीसाठी लागतील म्हणाली. तिची भाची परदेशात असते ना? परत आली असेल.

२३ मार्च

काठ स्वच्छ आहेत! जेवढं खराब होतं तेवढं सगळं त्या तुकड्यात आलं. चांगल्या शिंप्याने बेतलेलं काम. सहा महिन्यांनी परत तपासायचं, विषाणू गेला की अजून बसलाय ते बघायचं.

ह्यांना भिंतीवर लावलं. काच पुसली. म्हटलं, निर्दोष म्हणत नाही, पण पुराव्याअभावी सुटलात. ते नेहमीसारखे हसत होते. गरगर फिरणारं मशीनचं चाक हाताने धरून थांबवताना असेच हसायचे. फार आठवण आली.

२५ मार्च



सकाळी पोस्टातल्या बाई क्रीम रंगाचा शर्ट घेऊन आल्या. खिशातलं लाल पेन गळलं होतं. मी सवयीने तो मिठाच्या थंड पाण्यात टाकला आणि दुसऱ्या कामाला लागले. दुपारी बघितलं तर डाग जागच्या जागी, उलट पसरलेला. पाणी गुलाबी.

मी बादलीशी उभी राहून विचार करत होते की मी असं का केलं. शाईला थंड पाणी? इतक्या वर्षांच्या धंद्यात शाई थंड पाण्याने गेलेली मी बघितलेली नाही. मग आठवलं की मागे एकदा गेली होती.

थंड पाण्याने आणि मिठाने काय जातं ते मला सिस्टरनी शिकवलं नव्हतं. ते आम्ही मुलींनी शाळेच्या वसतिगृहात एकमेकींना शिकवलं होतं. ताजं रक्त.

फिका स्कर्ट. मग गडद स्कर्ट. लाकडी स्टूल, काळी उशी. उतरलेली कंबर. पॅड. कपात पडलेलं बिस्कीट. सगळं माझ्या हाताखालून गेलं, आणि मी मापं लिहून घेत बसले.

दुकानाला कुलूप लावलं, किट पर्समध्ये टाकलं आणि मॉनिटरकडे गेले.

तिच्याकडे शिकवणी चालू होती. तिने मुलींना घरी पाठवलं आणि दार लावलं. मी नुसतंच म्हणाले, "शाई थंड पाण्याने जात नाही."

ती खुर्चीवर बसली. गादीच्या.

"मला वाटलं होतं तू त्याच दिवशी ओळखशील," म्हणाली. "तुला डाग कळतात. नाहीतर स्कर्ट काय मला धुता येत नाही?"

"तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

"तू बोलू देतेस कुठे? सारखी आपली सुटलीस, सुटलीस. दवाखान्यात त्या बाईने सरळ विचारलं तर तू उत्तर देऊन मोकळी."

मी किट टेबलावर ठेवलं. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत होतो, एखादा शाळेतला चावट कागद सापडल्यासारखं.

मी विचारलं, "कोण?"

"तुझा नवरा नव्हता, चेहरा सरळ कर. ज्याला पावत्यांची साधी बेरीज जमत नव्हती, अशा माणसाला मी जवळ केलं असतं का?"

"मग?"

"शाळेचा पियानो सुरात लावायला यायचा तो. डाव्या हाताने चहा प्यायचा, आठवतो?"

"पण तो वर्षातून एकदा यायचा."

"नंतर महिन्याला यायला लागला."

"पियानो इतका बिघडायचा?"

मॉनिटरने चष्मा काढला आणि पुसला. "मी बिघडवायचे," म्हणाली.

मी हसले, आणि ती हसली, आणि मग ती रडायला लागली. पाचवीपासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. कसं धरायचं तेही कळेना. शेवटी माप घेताना धरते तसं कमरेला धरलं.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, रक्त जातंय तर किट नको, त्यात वेळ घालवू नका, उद्या थेट घेऊन या.

५ एप्रिल

कॅन्सर आहे. नाव आमच्यासमोर उच्चारलं तेव्हा मॉनिटरने विचारलं, "कितव्या पायरीचा?" डॉक्टरीणबाईंनी आकृती काढून दाखवलं. गर्भाशयाच्या तोंडावर आहे, थोडा बाजूला सरकलाय, दूर कुठे गेलेला स्कॅनमध्ये दिसत नाही. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली, पण किरणं आणि औषध दोन्ही मिळून तो पुरा जाण्याची शक्यता चांगली आहे.

"चांगली म्हणजे किती?"

"मॉनिटर, त्यांना परीक्षेत टाकू नकोस."

"विचारू दे. गणित आहे ते."

डॉक्टरीणबाईंनी आकडा सांगितला. मॉनिटरने मान हलवली. "पास होण्याइतके आहेत," म्हणाली. तो आकडा मी इथे लिहिणार नाही. तिच्यापाशी राहू दे. दोन महिने आधी आलो असतो तर तो मोठा असता का, हे मी विचारलं नाही. डॉक्टरीणबाईंनीही माझ्याकडे बघितलं नाही.

भोंग्याचा निकाल स्वच्छ आला. ती इतकी हळू बोलली की मला दोनदा विचारावं लागलं.

२० एप्रिल

सोमवारपासून मॉनिटरची किरणं सुरू झाली. आम्ही पाळीपाळीने सोबत जातो. ती बाकावर बसते आणि शेजारच्या बायकांना विचारत सुटते, "तुमच्या बहिणीची तपासणी झाली का? नणंदेची?" कुणी म्हणालं, "अहो, तिचं लग्न नाही झालेलं," की मॉनिटर चष्म्यावरून बघते. "मी लग्नाचं विचारलं का?"

आज निघताना म्हणाली, "नर्सबाईंकडून आठ किट घे."

"आठ कशाला?"

"शाळेत आठ सिस्टर राहतात."

"अगं, त्या नन आहेत."

ती थांबली. टक्कल झाकायला मी तिच्यासाठी शिवलेली टोपी होती, ती सरळ केली. अजून एक केसही गेलेला नाही, पण तयारी आधी हवी असा तिचा आग्रह.

"पुन्हा तेच करतेस," म्हणाली.

मी आत गेले आणि आठ मागितली. नर्सबाईंनी विचारलं, कुणासाठी. मी म्हटलं, शाळेतल्या बायकांसाठी. पिना आम्ही काढू.